मृतांच्या यादीतली सबिना

हजर: झिनाइदा, वारवारा, टेबलावर एक मग.
गैरहजर: सबिना. पलीकडच्या खोलीत दुपारची झोपली आहे.

मग पांढरा होता, त्यावर दोन चेऱ्या रंगवलेल्या. आत एक मेणबत्ती, मूठभर गोड गोळ्या आणि एक लाल अंडं. ब्लाजिनीचा सोमवार होता. ईस्टरला आठवडा झाला की तिकडे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांशी जेवायला बसतात, आणि जो समोर येईल त्याच्या हातात मेलेल्याच्या नावानं काहीतरी ठेवतात. वारवारा माहेरी, नुकारियाला, जाऊन आली होती. तिला असे सात मग मिळाले होते. त्यातला एक तिनं शेजारणीला आणला.

झिनाइदा असली दानं घेत नसे. तिच्या पंथाच्या मंडळीत मेलेल्यांसाठी काही करत नाहीत, ते देवाचं देव बघतो. म्हणून गावात त्यांना 'पश्चात्तापी' म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. पण शेजारीण घरी आली होती, मगही चांगला होता. तिनं सहज विचारलं, कुणाच्या नावाचा.

"दोमनिका चोबोतारूच्या नातीच्या. जन्मली तशी गेली बिचारी. म्हातारी दरवर्षी करते हो. आमच्या नातीला झगा देते, दोघी एकाच महिन्यातल्या म्हणून. सबिना नाव होतं. तुमच्या पोरीचं आहे ना, तेच."

"कुठला महिना?"

"ऑक्टोबर."

झिनाइदा उठली आणि कपाटातली सबिनाची फाइल काढून उभ्यानंच वाचू लागली. ती तिनं शंभरदा वाचली होती. फाइलमधलं बाहेर कुणाला सांगायचं नाही असा नियम होता, आणि वर्षभर तिनं तो पाळला होता. सबिना चोबोतारू. जन्म ऑक्टोबर, नुकारिया. आई ल्यूबा चोबोतारू हिनं बाळ सरकारच्या ताब्यात दिलं, साक्षीदार आजी, दोमनिका चोबोतारू. दोघींच्या सह्या. आजीची सही गोल, वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखी.

"थडगं आहे?" झिनाइदानं विचारलं.

"आहे की. निळा क्रूस. दरवर्षी रंगवते. का हो?"

झिनाइदानं फाइल तिच्यापुढे सरकवली. नियम गेला खड्ड्यात. वारवारानं चष्मा लावला, वाचलं, आणि मगाकडे असं बघितलं की जणू आतून काहीतरी बाहेर येणार आहे.

•

हजर: अठ्ठावीस पलंग, दोन आया.
गैरहजर: नावं.

तिकडे उत्तरेला, सरकारी बालगृहाच्या मोठ्या पिवळ्या इमारतीत, सबिना चौदा नंबरची होती. सात वर्षांची, वजन अकरा किलो. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, डावी मूठ कायम मिटलेली. आयांनी झिनाइदाला सल्ला दिला होता की उचलू नका हिला, सवय लागते. निघताना अंगावरचे कपडे उतरवून घेतले, कारण त्यांच्यावर संस्थेचा शिक्का होता. झिनाइदाचा नवरा ग्रिगोरे यानं आपला कोट काढला, पोरीला त्यात गुंडाळलं आणि गाडीपर्यंत नुसत्या शर्टवर गेला. मार्च महिना होता.

हे सगळं सुरू केलं होतं एफिमनं. झिनाइदाच्याच लुंका गावातल्या छोट्या मंडळीचा तो पास्टर, हातानं सुतार. त्याचं म्हणणं साधं होतं: प्रभूनं लेकरांना जवळ येऊ द्या म्हटलं, रांगेत पलंग लावा म्हटलं नाही. आश्रम काढायचा नाही, एकेक पोर एकेका घरात न्यायचं. अकरा घरांनी अकरा मुलं नेली. दिवसा मुलांना एकत्र आणायला लुंका आणि नुकारिया दोन्ही गावांच्या महापौरांनी जुन्या वाचनालयाची खोली दिली. तिथे रोज सकाळी एफिम आधी हजेरी घेई. मुलं अकरा, सगळी समोर, तरी वही उघडून एकेक नाव मोठ्यानं वाचे. ज्यांना कधी कुणी नावानं हाक मारली नाही त्यांना रोज मारायची, एवढाच त्या शाळेचा पहिला धडा.

सबिनाला पाच महिने लागले. मग एके दिवशी तिनं उजवा हात वर फेकला आणि म्हणाली, "आ-हे."

त्या दिवसापासून ती कधी चुकली नाही.

•

हजर: झिनाइदा, रोज.
गैरहजर: उत्तर.

तो मग आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वर्षभर ती फिरली. तिला फार काही नको होतं. क्रूस उपटा आणि मेलेल्यांच्या यादीतून पोरीचं नाव काढा. घाई होती, कारण सबिना अक्षरं शिकत होती. स्वतःचं नाव तिला आता कुठेही ओळखता येत होतं, टॉवेलवर, आपल्या चाकाच्या खुर्चीवर, पिठात बोटानं लिहिलेलं. नुकारियाची दफनभूमी दवाखान्याच्या रस्त्याला लागून होती, निळा क्रूस कुंपणापासून चार पावलांवर, आणि दर पंधरा दिवसांनी त्यांची गाडी तिथूनच जात असे.

नुकारियाचे फादर म्हणाले, घरचे जी यादी देतात ती मी वाचतो; घरच्यांनी सांगितलं तर खोडतो; मी काय पोलीस आहे?

महापौरांच्या कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, आमच्या कागदांत मुलगी जिवंत आहे, मग तुमची तक्रार काय?

दोमनिकानं दार उघडलं नाही. दोनदा झिनाइदा तिच्या फाटकापर्यंत गेली. दोन्ही वेळा पडदा हलला आणि कुत्रं सोडलं गेलं. सबिनाची आई ल्यूबा इटलीत होती. तिकडे ती दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईला भरवत, पुसत, कुशीवर वळवत होती, आणि क्रूसाच्या रंगाला पैसे पाठवत होती.

शेवटी एफिम. झिनाइदाला वाटलं होतं की हा तरी पेटून उठेल. तो रंधा मारत राहिला.

"झिनाइदाताई, खोली महापौरांची आहे," तो म्हणाला, "आणि महापौर दोमनिकाचा भाचा. अकरा मुलांचं छप्पर आहे ते. एका क्रूसासाठी घालवायचं? तिला काय कळतंय त्यातलं."

"वाचायला तुम्हीच शिकवताय तिला."

"शिकवतोय. थोडा धीर धरा."

धीर. पिवळ्या इमारतीतही त्या पोरीनं सात वर्षं तेच केलं होतं. झिनाइदाला एफिमच्या हातातला रंधा हिसकावून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. तिनं सबिनाच्या खुर्चीचं सैल झालेलं चाक त्याच्याकडून घट्ट करून घेतलं आणि घरी गेली.

•

हजर: अख्खं नुकारिया.

पुन्हा ब्लाजिनी. ब्लाजिनीच्या दिवशी थडग्याशी आलेल्याला कुणी हाकलत नाही, लेकराला तर नाहीच. घरी कुत्रं सोडता येतं, इथे येत नाही. एवढ्या एका गोष्टीवर झिनाइदानं सगळं बेतलं होतं. म्हातारीनं पोरीचं तोंड बघावं आणि फादरना एक वाक्य सांगावं, बस्स.

आणि पोरीनं क्रूस वाचू नये. तेही तिनं ठरवलं होतं. ग्रिगोरेला खुर्चीसकट अक्रोडाखाली थांबवलं, सरळ निळ्या क्रूसापाशी गेली, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि क्रूसाच्या आडव्या दांड्यावर घट्ट बांधला. नाव झाकलं गेलं. आजूबाजूच्या चटयांवर कोबीचे रोल तोंडाशी नेणारे हात थांबले.

"ख्रिस्त उठला आहे," झिनाइदा म्हणाली. ईस्टरनंतर तिकडे असाच रामराम करतात.

"खरोखर उठला आहे," दोमनिका सवयीनं म्हणून गेली. ठेंगणी, स्वच्छ, काळा ॲप्रन इस्त्री केलेला. तिच्यापुढे चटईवर मगांची रांग होती, बाजूला लाल अंडी, वाइनची बाटली. वारवाराही तिथेच होती, नातीला घेऊन. झगा नुकताच देऊन झाला होता. निळा, पांढऱ्या कॉलरचा, नातीच्या खांद्यावर टाकलेला.

"तू ती पश्चात्तापी," दोमनिका हळूच म्हणाली. "रुमाल काढ तो. लोक बघतायत."

"तेच तर हवंय मला."

ग्रिगोरेनं खुर्ची आणली. सबिना मगांकडे बघून हसली. दोमनिकानं तिच्याकडे एकदा बघितलं, नंतर पाहायचं टाळलं, पण हात आपोआप चेऱ्यांच्या एका मगावर गेला. लेकरू आलं की द्यायचं, ही पन्नास वर्षांची सवय. मग देताना मात्र नाव घ्यावं लागतं, अमक्याच्या आत्म्यासाठी म्हणून. मग तिच्या हातात तसाच राहिला.

तेवढ्यात फादर आले. या थडग्यावरून त्या थडग्यावर, धूपदाणी हलवत. बसलेले सगळे उठले. फादरनी दोमनिकाची यादी उलगडली आणि गात वाचू लागले, साव्वा, अकुलिना, तेओदोर, सबिना...

झिनाइदानं डोळ्यांचा बंदोबस्त केला होता. कानांचा केला नव्हता.

उजवा हात वर गेला.

"आ-हे."

फादर थांबले. त्यांना वाटलं असावं की कुणी खोकलं. यादीवर बोट ठेवून त्यांनी पुन्हा वाचलं, सबिना.

"आ-हे," सबिना म्हणाली, या वेळी मोठ्यानं, कारण एफिमसुद्धा ऐकू आलं नाही की दुसऱ्यांदा विचारत असे.

मागच्या चटईवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. धूपदाणी हलायची थांबली होती, तिचा धूर सरळ वर चालला होता. जे होऊ नये म्हणून वर्ष घालवलं ते झिनाइदानं स्वतः, स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलून, इथवर आणलं होतं. पोरीच्या चेहऱ्यावर मात्र शाबासकीची वाट होती.

"पुढं वाचा, फादर," दोमनिका म्हणाली.

आणि फादरनी वाचलं. गमालिएल, इरिना. यादी संपली, ते पुढच्या थडग्याकडे गेले, जरा घाईनंच.

वारवारा मात्र तिथेच होती. तिनं नातीच्या खांद्यावरचा झगा काढला, चटई ओलांडून आली आणि सबिनाच्या गळ्याशी धरून सोडला. कॉलर खांद्यांच्या बाहेर गेली. घेर पायांच्या खाली, चाकांपर्यंत पोचला.

"हिचा आहे ना?" वारवारा म्हणाली. "घाल की मग."

"मापाचाच घेतला होता," दोमनिका म्हणाली. "नऊ वर्षांचा."

"बरोबर आहे माप," झिनाइदा म्हणाली. "मेलेली नऊ वर्षांची झाली. तिला तुम्ही दरवर्षी नवं घेतलंत. ही चौदा नंबरच्या पलंगावर होती, शिक्क्याच्या कपड्यांत. ही नाही वाढली."

"डॉक्टर म्हणाला होता, जगणार नाही. ल्यूबा एकोणीसची होती. मी लोकांना काय सांगायला हवं होतं? थोडं आधी सांगितलं, एवढंच."

"नऊ वर्षं आधी."

"मी रडलेय तिच्यासाठी. विचार कुणालाही. दरवर्षी रडलेय."

ते खरंही असेल. झिनाइदाला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. आठ दिवस सगळ्या गावानं एकमेकांना उठला, उठला म्हणून सांगितलं होतं, आणि एक जिवंत लेकरू मातीखाली आहे हे पाठ करून ठेवलं होतं, कारण असलेल्या पोरीपेक्षा गेलेली पोर सांभाळायला सोपी. तिला पाजावं लागत नाही. तिचं तोंड पुसावं लागत नाही.

तिनं क्रूसाला दोन्ही हात घातले. वाटलं होतं जोर लावावा लागेल, पण बुंधा कुजलेला होता, दरवर्षी रंग फक्त वरच्या भागाला लागला होता. एका झटक्यात निघाला. खाली भोक राहिलं, मुठीएवढं, त्यात एक गांडूळ.

"दफनभूमीतली वस्तू आहे ती," कुणीतरी ओरडलं. "चोरी आहे ही."

"महापौरांना सांगा," ग्रिगोरे म्हणाला. दिवसभरातलं त्याचं ते एकच वाक्य.

वारवारानं आपल्याला मिळालेला मग दोमनिकाच्या चटईवर परत ठेवला. शेजारच्या बाईनं जरा वाट बघितली, मग तिचाही ठेवला. ब्लाजिनीचं दान परत केलेलं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. तो मग चटईवर नीट उभा राहिना, कलंडला, गोळ्या गवतात सांडल्या.

सबिनाला मग हवा होता. चेऱ्यांचा. दोमनिकाच्या हातात अजून तोच होता. म्हातारीनं कुणाचं नाव घेतलं नाही, मग पुढे केला आणि नुसतंच म्हणाली, "घे."

झिनाइदा नको म्हणणार होती. पण सबिनाची मूठ एकदा बसली की सोडवायला अर्धा तास लागतो.

•

हजर: झिनाइदा, एफिम. सबिना, पाण्याच्या टबात.

संध्याकाळी एफिम आला तेव्हा ग्रिगोरेनं क्रूसाचे तुकडे करून चुलीपाशी रचले होते. वर पाणी तापत होतं. जळणाऱ्या रंगाची घाण सगळ्या घरात भरली होती, म्हणून खिडक्या उघड्या होत्या आणि आतून पाण्यात हात आपटल्याचा आवाज येत होता.

एफिमनं टोपी काढली. महापौरांचा फोन आला होता, तो म्हणाला. शुक्रवारपर्यंत वाचनालयाची किल्ली परत हवी आहे.

"देऊन टाका," झिनाइदा म्हणाली. "आमच्या ओसरीत घ्या हजेरी."

"अकरा मुलं, ताई. त्यातली सहा खुर्चीतली. पाऊस आला तर?"

"आत घेऊ. पलंग बाहेर काढू."

एफिम तिच्यावर चिडायला आला होता. येताना रस्ताभर वाक्यं जुळवली असणार, ती तोंडावर दिसत होती. तो चुलीपुढे वाकला. एक तुकडा उरला होता, नेमका नावाचा. सुताराच्या सवयीनं त्यानं त्याच्यावरून अंगठा फिरवला. पांढऱ्या रंगातली अक्षरं, खाली एकच साल. जन्माचं आणि मृत्यूचं तेच.

"आज दोनदा वाचलं फादरनी," झिनाइदा म्हणाली. "ती दोनदा म्हणाली."

आत पाणी आपटत होतं. एफिमनं चुलीचं दार उघडलं, तुकडा स्वतःच्या हातानं आत सारला, आणि दार लावून अंगठ्याला लागलेला निळा रंग पँटला पुसत राहिला.