मी कुरकुरणारच

पाय पहिला

मी एक जुनी खुर्ची आहे आणि मी कुरकुरते. मित्रांनो, याबद्दल मी माफी मागणार नाही. सुताराने मला घडवलं तेव्हाच माझा एक पाय नखभर आखूड राहिला. "अभ्यासिकेत कोण बघतंय?" म्हणत त्याने मला विद्यापीठात धाडून दिलं. वीस वर्षांत माझ्यावर बसून कितीजण वकील झाले, डॉक्टर झाले. मागे वळून कुणी पाहिलं नाही.

पाय दुसरा

एका वर्षी परदेशातून एक मुलगी शिकायला आली. सगळे तिला पाहुणी म्हणत. तिच्या देशात तास संपले की परीक्षेआधी महिनाभर वाचायला सुट्टी मिळे. इथे सत्राच्या मध्येच एक आठवडा 'अभ्यासाची सुट्टी' असते. त्या आठवड्यात सगळे फिरायला गेले. पाहुणीही गेली. खरा अभ्यास शेवटच्या महिन्यात करू, असा तिचा हिशेब.

मग वेळापत्रक लागलं. शुक्रवारी तास संपणार, सोमवारी पहिला पेपर. एका जरी विषयात नापास झाली, तरी तिची इथली जागा जाणार होती.

"बाई, माझा महिना कुठे गेला?"

"कसला महिना?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "सुट्टी झाली की मध्ये."

"तेव्हा तर सगळे डोंगरावर होते!"

"नाव अभ्यासाचंच होतं, बाळा. सगळ्यांना माहीत असतं."

"ज्यांना माहीत असतं, त्यांनाच."

पाय तिसरा

ती माझ्यावर बसली ती उठेचना. ती पान उलटायची, मी कुरकुरायचे. तेवढ्यात शिपाईकाका मला भंगारात न्यायला आले.

"हिला हात तर लावून बघा," पाहुणी म्हणाली. "डोळा लागला की हीच मला उठवते."

काका हसले. "दोघी एकाच लाकडाच्या दिसताय."

पाहुणी पास झाली. अगदी काठावर. त्याच दिवशी तिने दारावर कागद चिकटवला : 'नवीन आलेल्यांनो, इथे शेवटी महिना मिळत नाही. मधल्या सुट्टीतच वाचा.'

"पास झालीस ना? मग आता कशाला?" बाईंनी कागद काढला.

"माझ्यासाठी नाहीच तो."

दुसऱ्या दिवशी तिने दुसरा लावला. बाईंनी तोही काढला. असे सहा झाले. सातवा बाईंनी स्वतःच काचेत बसवला.

पाय चौथा

हाच तो आखूड. काढलेल्या सहा कागदांची घडी त्याच्याखाली आहे. तरी मी कुरकुरते. मित्रांनो, मला जरूर दुरुस्त करा. गप्प मात्र करू नका.