पुजलेली चौकट

काँक्रीटचा मिक्सर उद्या सकाळी येणार होता, आणि दाक्षायणीच्या हातातला ओळंबा काही केल्या दाराच्या चौकटीला चिकटत नव्हता. वर चौकटीला टेकलेली दोरी खाली येईपर्यंत चांगली दोन बोटं लांब जात होती. तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. चौकट बाहेर कलली होती, आणि तिच्या आधारानं चढवलेली पुढची सगळी भिंतही.

दोष शोधायला लांब जायला नको होतं. मंद्रूपच्या या दोन खोल्या ती आणि तिचा नवरा मृत्युंजय स्वतःच बांधत होते. गवंडी लावायची ऐपत नव्हती, म्हणून तिप्पण्णा गवंड्याच्या हाताखाली थोडे दिवस राबून ती वीट लावायला शिकली. मृत्युंजयला सोलापूरच्या दुकानातून मिळालेली सुट्टीही उद्या संपत होती. विद्या अर्धी आणि घाई पुरी, मग दुसरं काय होणार? चौकट बसवायच्या दिवशी सासूबाईंनी, गिरिजाबाईंनी, मुहूर्त टळतोय म्हणून नुसता धोशा लावला होता. दाक्षायणीनं चौकट उभी केली, टेकू दिले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि ओळंबा लावायचा तेवढा राहून गेला. नवशिका गवंडी मुहूर्ताला जेवढा भितो तेवढा भिंतीला भीत नाही.

तिनं मृत्युंजयला दाखवलं. त्याचा चेहरा पडला, पण गिलाव्यात झाकून जाईल, म्हणाला. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, कानावर मात्र घालू नकोस. का, ते दोघांनाही ठाऊक होतं. मैंदर्गीच्या जुन्या घरात पुजलेली चौकट एकदा काढून सरकवली होती, आणि त्याच वर्षी सासरे गेले. तेव्हापासून गिरिजाबाईंच्या लेखी चौकट हलवणं म्हणजे घरातलं माणूस घालवणं.

दाक्षायणीलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण उद्या या भिंतीवर दारावरच्या लिंटलचं ओझं चढणार, मग स्लॅबचं, आणि खाली तिची लेक काव्या झोपणार. तिनं भिंतीला दोन्ही तळवे लावून जोर दिला. वरचा थर हलला आणि सिमेंटचा चुरा तिच्या पायांवर पडला.

चहा घेऊन आलेल्या गिरिजाबाईंनी ते पाहिलं. काय झालं, म्हणून त्यांनी लेकाला विचारलं.

"अव्वा, चौकट तिरकी बसलीय," दाक्षायणी म्हणाली. "मीच बसवली. काढावी लागंल, भिंत बी."

गिरिजाबाईंनी चहा खाली विटांवर ठेवला. "पुजलेली हाय ती."

"व्हय. पण काव्या हितंच झोपणार की. काय दोष लागायचा तो मला लागू दे."

दाक्षायणी पुढं झाली. गिरिजाबाईंनी तिचं मनगट धरलं. आता शिव्या बसणार, असंच तिला वाटलं. मृत्युंजयनं मात्र मुकाट फोन काढला आणि मिक्सरवाल्याला उद्या येऊ नको म्हणून कळवलं.

गिरिजाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, चौकटीला कपाळ टेकवलं. त्यांचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तुला कशाला लागू दे? तुज्या पदरात पोर हाय," त्या म्हणाल्या. "पयला हात माजा. यायचं ते माज्यावर येऊ दे."

आणि दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"बगत काय बसलीस? धर की तिकडनं."