चाळीस होऊ देत

आमच्या गावात माणूस मेला की त्याच्यासाठी दोनशे खुर्च्या मांडतात. जिवंत असताना त्याला कोणी 'बस' म्हणत नाही. हे मी रागाने बोलतोय, आणि राग माझा मलाच आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच मध्येच कोणी शहाणपण शिकवायला नको.

मी फिक्री. कफ्र बदवान गावात कालव्याच्या काठी पिठाची गिरणी आहे ती माझी. अख्ख्या गावाचा गहू माझ्या हाताखालून जातो आणि अख्ख्या गावाच्या चुगल्या माझ्या कानाखालून. माझी मुलगी नशवा टेबल टेनिसमध्ये जिल्ह्यात पहिली आलेली. तान्ता शहरात जाऊन खेळाचं शिक्षण घेऊन आली आणि घरात बसली. बसणार नाही तर काय करणार? पोरांना चहाचं दुकान आहे, पुलाचा कठडा आहे, तिथे बसून दिवसभर बिया फोडून टरफलं थुंकायला कोणाची ना नाही. पोरींनी कुठे जायचं? गच्चीवर. कपडे वाळत घालायला.

तेव्हा तिने डोक्यात घेतलं, गावात युवा केंद्र काढायचं. आठवड्यातले तीन दिवस पोरींचे, तीन पोरांचे. एक टेबल, चार शेल्फं पुस्तकं, दोन कॉम्प्युटर. आखीव कागदावर नकाशा काढला, खिडक्या मोजून मापून. त्याच सुमाराला माझ्या बहिणीने आपल्या मुलासाठी, मिद्हतसाठी, नशवाला मागणी घातली. तो कुवेतला एसीच्या कंपनीत. हिची आई हरखून गेली. नशवा म्हणाली, "बाबा, मला दोन वर्षं द्या. केंद्र उभं राहून चालू झालं तर मी इथेच राहीन, ते चालवीन. नाही झालं तर आत्याला हो सांगा, मी तोंडातून शब्द काढणार नाही."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "किल्ली तुझ्या हातात देईन. माझा शब्द."

शब्द द्यायला काय जातं हो?

गिरणीत मी एक डबा ठेवला, वर लिहिलं 'युवा केंद्रासाठी'. तीन महिन्यांनी उघडला तर आत काय? बारा पाउंड आणि सदऱ्याचं एक बटण. बटण टाकणाऱ्याला निदान लाज होती, रिकामा हात नको म्हणाला असेल. कमिटी बसवली. अध्यक्ष हाज दसूकी, हज करून आलेले वीटभट्टीवाले, त्यांच्याशिवाय गावात मांजरसुद्धा वीत नाही. ते म्हणाले, "खेळायला जागा? फिक्री, शेतं पडली आहेत की. खुरपं दे हातात, खेळ होईल आणि तणही निघेल." सगळे खो खो हसले. नशवा नकाशा गुंडाळून घरी आली.

मग जानेवारीत एक म्हातारा वारला आणि दुखवट्याच्या मांडवावर पाऊस कोसळला. कापड फाटलं, बांबू खाली आले, कुराण वाचायला शहरातून आणलेले शेख चिंब भिजले, परगावचे पाहुणे चपला शोधत चिखलात फिरले. गावाची अब्रू गेली. दुसऱ्या दिवशी गिरणीत तोच एक विषय. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

मी म्हणालो, "दुखवट्याचा पक्का हॉल बांधू या."

अहो, संध्याकाळपर्यंत पैसे! ज्याने बटण टाकलं असेल त्यानेही गव्हाची गोणी आणून टाकली. हाज दसूकींनी विटा फुकट दिल्या. मेलेल्यांचं नाव काढलं की आमच्या लोकांच्या खिशाची शिवण आपोआप उसवते. मी नशवाला समजावलं, "हे बघ, गावात वर्षाला माणसं मरतात वीस. प्रत्येकाचे दिवस तीन. झाले साठ. उरलेले तीनशे दिवस तुझे. भिंतींना काय कळतंय आत कोण बसलंय?"

ती म्हणाली, "बाबा, हे खोटं बोलून घेतलंय."

"खोटं कसलं? व्यवहार आहे," मी म्हणालो. उंटावरचा शहाणा दुसरा कोण असतो?

केंद्राचं नाव घेऊन देणारं माणूस एकच निघालं, माझी आई, वहीबा. नव्वदीला टेकलेली, अंथरुणाला खिळलेली, पण जीभ शाबूत. तिने हातातली सोन्याची बांगडी साबण लावून काढली आणि नशवाच्या ओंजळीत टाकली. "मेलेल्यांचं मला नको सांगूस, मी चाललेच आहे त्यांच्यात. ही त्या चेंडूच्या टेबलासाठी. आणि फिक्री, तू ऐक. माझ्यापायी पोरींचं हसणं बंद ठेवलंस तर कबरीतून उठून येईन."

"आई, काहीतरीच काय बोलतेस," मी म्हणालो.

हॉल झाला. बांगडीचं टेबल आलं, हिरवंगार. किल्ली मी नशवाच्या हातात दिली आणि तिने ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. पहिल्या दिवशी अकरा पोरी आल्या. चेंडूचा टकटक आवाज गिरणीपर्यंत येत होता, मी पट्टा बंद करून ऐकत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पाटबंधाऱ्याचा जुना चौकीदार वारला.

तीन दिवस खुर्च्या लागल्या, बिनसाखरेची कॉफी फिरली, ठरल्याप्रमाणे. चौथ्या दिवशी नशवाने कुलूप उघडलं तर हाज दसूकींचा निरोप: "ज्या भिंतींनी परवा कुराण ऐकलं, त्यांना आज चेंडू ऐकवणार? चाळीस तरी होऊ देत."

आता आमच्याकडे चाळीस दिवस शेजारीसुद्धा टीव्हीचा आवाज वर करत नाहीत, ते खरं. पण लग्न अडलं असेल तर दुखवट्याच्या घरी जाऊन परवानगी मागायची रीत आहे, आणि ते देतातही. नशवा गेली. उंबऱ्याशी उभी राहून रीतीचे शब्द म्हणाली, "काका, तुमच्या घरचं दुःख ते आमचंच. तुमचं मन दुखणार नसेल तर हॉल उघडायची परवानगी मागायला आले." चौकीदाराचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "हॉल तुझाच आहे, पोरी. फक्त चाळीस होऊ देत."

सव्विसाव्या दिवशी एक म्हातारी वारली. तिचे चाळीस संपायच्या आत तिसरा गेला. माझ्या हिशेबातली खोट तेव्हा माझ्या डोळ्यांत शिरली. वीस माणसं गुणिले तीन नाही, वीस गुणिले चाळीस! वर्षात तेवढे दिवसच नसतात. नशवा प्रत्येक उंबऱ्याशी गेली, तेच शब्द म्हणाली आणि तेच उत्तर घेऊन आली. टेबलावर चादर पडली. पुढे पुढे कॉफीची भांडी त्यावरच ठेवायला लागले, सपाट आहे म्हणून.

मी गिरणीत गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचो. "मेलेला काय कान देऊन बसलाय? तुम्हाला लोक काय म्हणतील त्याची भीती, आणि नाव मयताचं! माझ्या घरात असं झालं असतं ना, तर चौथ्या दिवशी मी स्वतः दार उघडलं असतं!" लोक पीठ घेऊन निघून जायचे.

सव्वा वर्ष असं गेलं. दोन वर्षांतले तीन महिने उरले. आणि काय आश्चर्य, त्या वसंतात माणसं मरायचीच थांबली. दहा दिवस, वीस, तीस. नशवाने पोरींना कामाला लावलं. ज्याला खोकला त्याच्याकडे कोंबडीचं सूप, ज्याला रक्तदाब त्याच्याकडे गोळ्या घेतल्या का विचारायला एक पोरगी. गावातल्या म्हाताऱ्यांची एवढी बडदास्त त्यांच्या सुनांनी कधी ठेवली नव्हती. चाळिसावा गुरुवारी भरत होता. शुक्रवारी नमाजानंतर पोरींची स्पर्धा ठरली, सतरा नावं लागली. आई अंथरुणातून म्हणाली, "माझ्याकडे अशा बघू नका गं. शुक्रवारपर्यंत टिकते मी."

सोमवारी पहाटे ती गेली.

मी रडलो. नशवाने आजीला अंघोळ घातली, तीही रडली. दुपारी पुरलं. तीन दिवस मी हॉलच्या दाराशी उभा राहून गावाशी हात मिळवले. ज्यांना मी शिव्या घातल्या ते सगळे आले. हाज दसूकींनी मला मिठी मारली, म्हणाले, "तुझी आई ती आमची आई." खोटं नव्हतं ते. त्यांचे डोळे ओले होते. तेच तर वाईट झालं.

शुक्रवारी सकाळी, मयतानंतरचा पहिला शुक्रवार म्हणून, माणसं पुन्हा जमली. चाळीसेक असतील. कॉफी फिरत होती. एवढ्यात बोलणं थांबलं, म्हणून मी मान वर केली. नशवा दारात. पुरुष बसलेले असताना आमच्याकडे बाई आत येत नाही. ती आली. काळे कपडे, गळ्यात किल्ली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि मला वाटलं काही आणायचं राहिलं असेल घरून.

ती म्हणाली, "काका, तुमच्या घरचं दुःख ते आमचंच. तुमचं मन दुखणार नसेल तर हॉल उघडायची परवानगी मागायला आले."

काका म्हणाली मला.

आईचं बोलणं मला आठवलं. साबणाने माखलेला तिचा हात आठवला. गिरणीत मारलेल्या फुशारक्या एकूण एक आठवल्या. एक 'उघड' म्हणायचं होतं, बाकी काही नाही. मयत माझं, दुखवटा माझा, मला अडवणारा मायेचा पूत तिथे कोणी नव्हता. पण समोर चाळीस माणसं हातात कप धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणतील, याला आईचं काही नव्हतंच. म्हणतील, माती वाळली नाही तोवर पोरीला खेळायला सोडलं. हाज दसूकी तर बघतही नव्हते, कपात डोळे घालून बसले होते.

मी म्हणालो, "हॉल तुझाच आहे, पोरी. फक्त चाळीस होऊ देत."

तिने मान हलवली. तिला जणू ठाऊकच होतं. "अल्ला तुमचं दुःख हलकं करो," म्हणाली, तेही रीतीचंच. गळ्यातली किल्ली काढून माझ्या कॉफीच्या तबकात ठेवली आणि आली तशी निघून गेली.

हाज दसूकींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फिक्री, मुलगी असावी तर अशी. काय वळण लावलंयस!" आणि सगळे 'खरंय, खरंय' म्हणाले. मी कॉफी प्यालो.

त्याच संध्याकाळी तिने आत्याला स्वतः फोन केला. दिलेला शब्द तिने पाळला. दोन वर्षं पुरी व्हायला अजून दीड महिना होता, तोही तिने मागितला नाही. आईच्या अडतिसाव्याला हाज दसूकींचा भाऊ वारला, म्हणून लग्नात ढोल वाजले नाहीत. कागदावर सह्या झाल्या आणि ती विमानात बसली.

आता किल्ली माझ्याकडे असते. कोणी गेलं की दार मी उघडतो, खुर्च्या मी मांडतो. आसपासच्या गावांत असा हॉल नाही म्हणतात, बघायला येतात लोक. गिरणीत मी आता ओरडत नाही.

नशवा दर शुक्रवारी फोन करते. तिची आई कशी आहे विचारते, गिरणीचं विचारते. हॉलचं नाव काढत नाही. फोन ठेवताना फक्त एवढंच म्हणते, "बाबा, सध्या कोणाचे चाळीस चालू आहेत?"

मी नाव सांगतो. नाव नाही असं अजून एकदाही झालेलं नाही.