गाडीत बसलेल्यासाठी

लेआर्को झांबेल्ली शर्यतीत गाड्या उतरवणाऱ्या कुठल्या मोटार कारखान्याचा पगारी चालक नव्हता. महायुद्ध संपल्यावर मोडके लष्करी ट्रक दुरुस्त करून त्याने पैसे जोडले आणि स्वतःच्या हिमतीवर मोटारींच्या शर्यतीत उतरला. बरीच वर्षं पुढच्यांची धूळ खाल्ली. मग गेल्या हिवाळ्यात त्याने ही तांबडी गाडी घेतली आणि नशीबच फिरलं. पूर्वी जिथे भीतीने ब्रेक दाबायचा, तिथे आता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलता उचलेना. वळण जणू आपोआप मागे पडायचं. आज तर मोठ्या कारखान्याचा माणूस त्याला बघायला आला होता. जिंकला की चालकाची नोकरी पक्की.

शर्यतीआधी ब्रिसिगेल्ला गावाच्या चौकात गाड्यांना आशीर्वाद द्यायची रीत. म्हातारे फादर एर्मेते तीर्थ शिंपडत आले, तांबड्या गाडीपाशी थबकले आणि गाऊ लागले. काय तो गळा! ऐकणाऱ्याचं काळीज हलावं असा. पण दोन ओळी होतात न होतात तोच चौक गार पडला. हे गाणं तर प्रेताच्या उशाशी म्हणतात.

"अहो फादर, गाडी आहे ती, शवपेटी नव्हे!" खाटीक ओरडला. "चष्मा कुठे विसरलात?"

"गाडी दिसते रे मला," फादर म्हणाले. "आत बसलाय ना, त्याच्यासाठी गातोय. लेआर्को, बाळा, कोण हा?"

लेआर्को तर बाहेर उभा होता. सीट रिकामी होती.

त्याची बायको ईरिदे गर्रकन वळली. "तू म्हणाला होतास, कुणा डॉक्टरने विकली!"

"शर्यतवाल्या तुल्यो बोन्फांतीची आहे," तो पुटपुटला. "याच गाडीत गेला तो. वरच्या खिंडीत."

"आणि मेलेल्या माणसाला तू कामाला जुंपलंस?"

फादरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अर्धं झालंय. पुरतं म्हटलं की सुटेल बिचारा. बोल, म्हणू?"

कारखान्याचा माणूस घड्याळ बघत होता. ती वळणं कोण घेत होतं, हे लेआर्कोला आजच कळलं असं थोडंच होतं?

"म्हणा, फादर," तो कसाबसा म्हणाला.

सूर पुन्हा चढला. म्हाताऱ्या बायका त्यात मिसळल्या. आणि सर्वांदेखत सीटचं दबलेलं कातडं, कणीक फुगावी तसं, हळूहळू वर आलं.

निशाण पडलं. नदीपलीकडच्या पहिल्याच वळणाला लेआर्कोचा पाय आपणहून उचलला गेला आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. मागच्या गाड्या सपासप पुढे गेल्या.

"आजीबाई, घरी जाऊन विणकाम कर!" एक जण ओरडला.

 पुढच्या वळणालाही लेआर्कोने ब्रेक दाबला.