मधापुढचं शून्य

नकाशाबाईंच्या संगणकात मध एकदा रबराच्या घरात जाऊन बसला, आणि पुढे कित्येक दिवस त्यांच्या नणंदेने त्यांना चहाचा घोट काही सुखाने घेऊ दिला नाही.

नकाशाबाई हे मुलांनी ठेवलेलं नाव. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. वर्गाकडे तोंड, फळ्याकडे पाठ, आणि हात मागे नेऊन त्या अख्खा खंड काढायच्या. किनारा कुठे चुकायचा नाही. नदीनेच वाट विचारावी असा तो हात. पण तोच हात माउसवर ठेवला की पाखरासारखा थरथरायचा. पडद्यावरचा बाण कुठल्याशा कोपऱ्यात दडी मारायचा आणि बाई चष्मा वर-खाली करत त्याला शोधत बसायच्या.

अशात शिक्षण खात्याचा हुकूम निघाला. सगळ्या शिक्षकांनी संगणकाची परीक्षा द्यायची. पास होणार नाही त्याचा वर्ग जाईल. त्याने कार्यालयात बसून जुनी दप्तरं लावायची. दप्तरांचं बाईंना काही वाटलं नसतं. पण पाचवीपासून हाताखाली वाढलेली त्यांची मुलं यंदा शाळेतून बाहेर पडणार होती. शेवटच्या वर्षी ती दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हणजे आपण विणत आणलेल्या स्वेटरची शेवटची बाही शेजारणीने विणायची.

प्रशिक्षण द्यायला एक सडसडीत गृहस्थ यायचे. कुणी काहीही अडलं म्हणून सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, सोप्पंय. शिक्षकांनी त्यांचं नावच सोप्पंसर ठेवलं. त्यांनी सराव म्हणून सांगितलं की इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवलेले माहितीचे तक्ते असतात, त्यातला एक उतरवून घ्या, लावा, त्याचा आलेख काढा. कुणी पावसाचा घेतला, कुणी लोकसंख्येचा. बाईंनी घेतला निर्यातीचा. कुठला देश काय माल बाहेर पाठवतो याचा नकाशा त्यांना मुलांपुढे धरायचा होता. शिवाय घरात जाणकार माणूस होतं.

हे जाणकार माणूस म्हणजे नणंद. बाईंपेक्षा थोडी धाकटी, भावाच्याच घरात वरच्या खोलीत राहणारी, आणि परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या कचेरीत कामाला. मालाच्या प्रत्येक जिनसेला एक क्रमांक असतो, तो ठरवायचं काम तिचं. ती म्हणायची, मी दिवसभर वस्तूंना घरं देते. पहिले दोन आकडे म्हणजे घर, पुढचे दोन म्हणजे खोली. मध राहतो दूध-अंड्यांच्या घरात, म्हणजे चौथ्या, खोली नववी. म्हणून त्याचा क्रमांक ०४०९. बाईंना हे फार आवडलं. सगळं जग एका आळीत राहायला आल्यासारखं वाटलं.

त्यांनी तक्ता उतरवला, संगणकाला सांगितलं की प्रत्येक क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघ आणि माल आपापल्या घरी सोड, आणि रविवारी दुपारी मोठ्या हौसेने नकाशा नणंदेपुढे ठेवला. नणंद बघत राहिली. एका इवल्याशा देशावर रबराचा डोंगर उभा होता. तिने विचारलं की तिथे रबराचं झाड तरी आहे का. बाई म्हणाल्या, नाही खरं, पण नवी लागवड केली असेल.

मग नणंदेने तक्ता उघडला, आणि ती जी हसत सुटली ती ओट्याचा आधार घेईपर्यंत. मध रबरात होता. फुलं विणलेल्या कापडात होती. बटाटे काचेत. तिने तिथल्या तिथे गाणंच रचलं आणि हातातल्या वाटीवर चमच्याने ताल धरला:

मध गं निघाला रबराच्या गाडीत,
फुलं जाऊन बसली कापडाच्या माडीत,
बटाटा राहिला काचेच्या महालात,
वहिनीचं राज्य गं आलं या जगात.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र आणखी उंच धरलं. नणंद-भावजयीच्या मध्ये पडणं म्हणजे फिरत्या जात्यात बोट घालणं, हे ते फार पूर्वीच शिकले होते.

"हसा वन्सं, हसा," बाई म्हणाल्या. "माझा वर्ग गेला की दोघी मिळून हसू."

तेव्हा नणंदेचं हसू ओसरलं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"अगं, संगणकाला वाटलं ही मोजायची संख्या. मोजताना पुढच्या शून्याला कोण विचारतं? त्याने ते टाकून दिलं. ०४०९ चं राहिलं ४०९, आणि तू त्याचे पहिले दोन आकडे घेतलेस. चाळीस म्हणजे रबराचं घर. पण वहिनी, हा आकडा मोजायचा नाही. हा पत्ता आहे. दारातलं शून्य काढलं की माणूस भलत्याच्या घरी."

तक्ता आत घेण्याआधीच संगणकाला बजावायचं, की या रकान्यातले आकडे अक्षरांसारखे जसेच्या तसे ठेव. तेवढं केलं आणि मध घरी आला. बाईंनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पुढे चहा पिताना कधी मधाचा विषय निघाला की नणंद नुसती वाटी वाजवायची.

परीक्षा झाली. बाईंना पेपर बरा गेला. बाण एकदाच हरवला, तोही लगेच सापडला.

निकालही खात्याने एका संध्याकाळी सगळ्यांसाठी खुला ठेवला. नावं नव्हती, नुसता शिक्षकाचा क्रमांक, शाळा आणि निकाल. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी एकेकाचा क्रमांक शोधाच्या चौकटीत घातला. सगळे पास. बाईंचा घातला, तर संगणक म्हणाला, असा क्रमांक नाही. त्यांनी पुन्हा सावकाश घातला. नाही. मुख्याध्यापक भला माणूस, पण त्यांचेही हात बांधलेले. नोंद नाही म्हणजे गैरहजर, गैरहजर म्हणजे नापास, असं पत्रकातच होतं. आणि संध्याकाळपर्यंत वेळापत्रक खात्याकडे जायचं होतं. त्यांनी कार्यालयातल्या फळ्यावर बाईंच्या वर्गापुढे खेळाच्या सरांचं नाव लिहिलं. लिहिताना खडू दोनदा मोडला.

बाई शिक्षकांच्या खोलीत येऊन बसल्या. चहावर साय धरली. खेळाचे सर अपराध्यासारखे दारात उभे राहिले आणि हळूच विचारू लागले की अक्षांश आडवे असतात की उभे. बाईंनी सांगितलं, आडवे. मग त्यांच्याकडे बघवेना म्हणून खाली पाहिलं, तर गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. क्रमांक नेहमीचाच. पहिले दोन आकडे म्हणजे माणूस पहिल्यांदा नोकरीला लागला ते केंद्र. या शाळेतले बाकीचे इथलेच, बाराव्या केंद्रातले. बाई मात्र नव्या नवरीच्या वयात लागल्या होत्या सातव्या केंद्रात. म्हणजे ०७.

बाई ओळखपत्राकडे बघत राहिल्या. मग कप तसाच ठेवून उठल्या.

शोधाच्या चौकटीला त्यांनी काही विचारलंच नाही. अख्खा तक्ता उतरवून घेतला आणि वरून खाली बघत गेल्या. हात थरथरत नव्हता. साऱ्या तक्त्यात शून्याने सुरू होणारा एकही क्रमांक नव्हता. आणि सगळ्यांत वर, बाकीच्यांपेक्षा एका आकड्याने तोकड्या अशा ओळींच्या घोळक्यात, सातने सुरू होणारा त्यांचा क्रमांक बसला होता. शेजारी त्यांच्या शाळेचं नाव. त्याच्या शेजारी, उत्तीर्ण.

मुख्याध्यापकांनी ओळखपत्र पडद्याला लावून आकडा-आकडा पडताळला आणि तिथूनच खात्यात फोन लावून बाईंच्या हाती दिला. पलीकडचा कारकून वैतागलेला. सकाळपासून कुठले कुठले शिक्षक फोन करून रडतायत, काहीजण भांडतायत, त्याला काही उमगेना. बाईंनी त्याला मध आणि रबराची गोष्ट सांगितली. पलीकडे कळफलकाची खटखट ऐकू आली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, माझी बायकोपण पहिल्या नऊ केंद्रांतलीच. काल रात्रीपासून जेवली नाही. आधी तिला फोन करतो, मग तक्ता नीट करतो. चालेल ना?"

बाई म्हणाल्या, चालेल.

मधल्या सुट्टीनंतर तक्ता दुरुस्त होऊन आला. मुख्याध्यापकांनी फळा पुसायला डस्टर शोधलं नाही, खिशातला रुमालच वापरला. सगळ्यांत मोठा सुस्कारा टाकला तो खेळाच्या सरांनी. मग बाई वर्गात गेल्या. मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बाईंनी फळ्याकडे पाठ केली, हात मागे नेला आणि किनारा काढायला लागल्या. त्या दिवशी तो जरासा चुकला, कारण डोळ्यांपुढची मुलं नीट दिसत नव्हती.

संध्याकाळी दार नणंदेने उघडलं. शाळेतून फोन आला नव्हता, म्हणून ती दिवसभर कचेरीत वस्तूंना चुकीची घरं देत बसली होती, असं ती म्हणाली. बाईंचा चेहरा पाहताच तिला निकाल कळला. आत जाऊन मधाची बाटली आणली, वाटीत चमचाभर ओतला आणि वाटी बाईंच्या पुढे सरकवली.

"वन्सं, आज वाजवणार नाही का वाटी?"

"आधी रिकामी तर कर," नणंद म्हणाली.