पोकळीचा सूड

मी मन्सूर आतशबाजाचा पितळी सुळका बोलून राह्यलो. वीतभर लांब, बुडाशी जाड, टोकाशी निमुळता, अंगानं चकचकीत आणि मनानं खुनशी. खोटं कायले बोलू?

मन्सूरच्या बापानं मला यवतमाळच्या लेथवर घडवून घेतलं. काम एवढंच, शोभेच्या बाणाच्या नळीत मधोमध उभं राहायचं. भोवती कापसाच्या पऱ्हाटीच्या कोळशाची दारू ठासली, की मला अलगद ओढून काढायचं. मागं राहते माझ्या मापाची पोकळी. लोक म्हणतात बाण दारूनं चढतो. चढतो, पण माझ्या पोकळीनं!

मारेगावकडच्या एका जत्रेत मन्सूरच्या घरचे बाण तीन पिढ्या उडाले. मग ती कापसाची वाईट सालं आली. बियाणं बोगस, फवारणीचं औषध बोगस. माणसं इतकी पोळली, की टरबूजही फोडून पाहिल्याबिगर घेईनात. अशात जत्रेचे अध्यक्ष भगवानराव यांनी एक बाण सुरीनं उभा चिरला.

"अरे, हा तं आतून पोकळ! मन्सूर, दारू तूच खाल्ली काय रे?"

"भाऊ, ते भोक मुद्दाम ठेवा लागते."

"बियाणंवालाबी असाच बोलत होता!"

अख्खी जत्रा हसली. बाणांची पेटी नाल्यात गेली आणि मन्सूरच्या नावाला चोर चिकटला. पोरंसोरं त्याला 'पोकळ चाचा' म्हणू लागली. अन् मी? मन्सूरच्या बायकोनं, सईदाभाभीनं, मला उचललं आणि संडासाच्या दाराच्या आतल्या कडीत खिट्टी म्हणून खुपसलं. वर्षभर! माणसं आत कशी कण्हतात, कोण गाणी म्हणतं, सारं पाठ झालं. पितळ झालं म्हणून काय, त्याला इज्जत नसते?

पुढच्या साली भगवानराव स्वतः दारात उभे. दुसऱ्या कोण्या आतशबाजानं यायला नकार दिला होता.

"या वक्ती भरीव बाण पाहिजे. माझ्या डोळ्यांदेखत ठासायचे."

"चढणार नाही, भाऊ."

"तू मले शिकवू नको."

मन्सूर ठासायला बसला. भगवानराव खुर्ची टाकून बसले आणि एकेक नळी गच्च भरून घेतली. ते गेल्यावर सईदाभाभी चुलीपाशी बसून बोलली, "चुलीत लाकडं कोंबली तं धूरच होते. मधात जागा ठेवली तं जाळ. एवढं त्या अध्यक्षाले समजत नाही? अजी, एक भोकाचाबी बनवा."

आणि तिनं मला कडीतून उपसलं. राखेनं घासलं. मी हसलो, पण पितळेचं हसू कुणाला दिसते!

जत्रेचा पहिला बाण अध्यक्षांनीच पेटवायचा, हा तिथला रिवाज. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून भगवानराव पुढे आले. चार गावच्या माना आभाळाकडे. वात पेटली. भरीव दारू जळते ती फक्त बुडाच्या टिकलीएवढ्या तोंडाशी. बाण जाग्यावर बसून सुसू करत राहिला. ना चढला, ना विझला. काळा धूर मात्र सारा सदऱ्यावर. दुसराही तसाच. तिसऱ्याला भगवानराव ओळखू येईनात.

गर्दीतून गावचा टवाळ देवसिंग ओरडला, "अध्यक्ष, बाण हाय का उदबत्ती?"

तेव्हा मन्सूरनं पिशवीतून माझा बाण काढला. आधी तराजूत घातला, दारूचं वजन भरीव बाणापेक्षा कमीच भरलं. मग पेटवला. आग पोकळीत शिरली, आतली भिंतच्या भिंत एकदम पेटली, आणि सुंईऽऽ! पिंपळाच्या कितीतरी वर जाऊन फुटला.

"आता सांगा भाऊ, दारू कोणं खाल्ली?" मन्सूरनं माइकपाशीच विचारलं.

भगवानरावांना माइकवर बोलावं लागलं, "मन्सूर चोर नाही. मलेच समजलं नाही." दोनदा! पहिल्यांदा ऐकू आलं नाही, असं देवसिंग म्हणाला. मला तर दोन्ही वेळा ऐकू आलं होतं.

आता मी पुन्हा कामावर आहे. मंडळी, एवढंच मागणं, की आतून पोकळ दिसला म्हणून कुणाला चिरू नका, आधी पेटवून पाहा.

काल भगवानराव पुढल्या जत्रेचे बाण सांगायला आले होते. चहा दोनदा झाला, मग संडासात गेले. कडीत मी नव्हतो. बिचारे अर्धा तास दार हातानं धरून, मोठमोठ्यानं खोकत बसले होते.