पुनम मॅडमनी पुढे केलेला हात

मी एक जुनं, पाऱ्याचं बीपीचं यंत्र आहे. धुळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात, प्रात्यक्षिकाच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, माझी पत्र्याची पेटी पोचे पडून वाकडी झाली आहे. आकडा मात्र अजून खोटा येत नाही.

नव्या मुली एकमेकींच्या दंडाला माझा पट्टा बांधून शिकायच्या. दर वर्षी मुली बदलायच्या, शिकवणाऱ्या पुनम मॅडम त्याच. "मीसुद्धा याच्यावरच शिकले," असं त्या कौतुकानं सांगायच्या. पुढे बॅटरीवरची यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. आता फक्त परीक्षेला बाहेर काढतात.

यंदा पिंपळनेरची रोहिणी आली. तिची जोडीदार धरणगावची दिपमाला. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं. वसतिगृहात कुणीतरी दिपमालाच्या मोबाइलमधले मेसेज वाचले आणि दोन दिवसांत वडील तिला घरी घेऊन गेले. रोहिणीच्या खोलीतून बाकीच्या मुलींनी आपल्या खाटा हलवल्या. पुनम मॅडमही म्हणाल्या, "गप्प राहा, आधी पास हो," आणि तिच्याकडे न बघताच निघून गेल्या.

मग परीक्षा आली. जळगावहून परीक्षक मॅडम आल्या. रोहिणीनं माझा पट्टा उघडला, पण समोरचं स्टूल रिकामंच.

"सुगंधा, तू बस," परीक्षक म्हणाल्या.

सुगंधा मागे सरकली. "नको मॅडम. ती तसली आहे. तिनं हात लावलेला आम्हांला नाही चालत."

कुणीच पुढे येईना. रोहिणीच्या घामेजल्या मुठीत माझा रबरी फुगा गच्च दाबला गेला. "मी कोनं काय बिघाडं?" ती घरच्या बोलीत पुटपुटली. खरंच, तिनं कुणाचं काय बिघडवलं होतं? बीपी मोजलंच नाही, तर ती नापास होणार होती.

तेवढ्यात पुनम मॅडम स्टुलावर येऊन बसल्या आणि त्यांनी बाही वर केली. रोहिणीनं पट्टा बांधला, पारा चढवला, हळूहळू सोडला. मग घाबरून थांबली.

"मॅडम, वरचं एकशे ऐंशी आहे. खालचं एकशे दहा. तुम्हांला बरं वाटत नाहीये का?"

"बरोबर मोजलंस. लिही." मॅडम मुलींकडे वळल्या. "चाळीसगावला माझ्याबरोबर राहते, जिला मी मावसबहीण म्हणून सांगत आले, ती माझी मावसबहीण नाही. चौदा वर्षं आम्ही दोघी संसार करतोय. तुमचा हात धरून सुई टोचायला मीच शिकवलं ना? तेव्हा चाललं?"

रोहिणी पास झाली. मॅडमकडे मात्र कॉलेजनं लेखी खुलासा मागितला. नोकरी राहील की जाईल, अजून ठरलेलं नाही. दिपमालाचा फोन बंदच आहे. व्हरांड्यात पावलं वाजली की मॅडमचं शिकवणं मधेच तुटतं.

गेल्या आठवड्यात रोहिणीनं मला मुद्दाम कपाटातून बाहेर काढलं होतं, तेव्हा सुगंधा आली. रोहिणीसमोर मान खाली घालून बसली आणि हात टेबलावर ठेवला. मूठ मात्र घट्ट आवळलेली.

"मोकळा सोड," रोहिणी म्हणाली. "दुखणार नाही."

मित्रांनो, मला लवकरच मोडीत काढतील. पारा सांडू नये म्हणून तेव्हाही दोन्ही हातांनी उचलतील. तुमच्या वर्गात एखादी रोहिणी एकटी उभी दिसली, तर तिला एवढं तरी जपा. दुसरं कुणी उठेल, याची वाट बघू नका.